पेलिकनच्या नावाने आलेलं पिठलं

ऑगस्ट २०२०, तिसरा बुधवार. ट्रुगानिना, मेलबर्नचं उपनगर. हजर: मी, नवरा, नववीतली लेक, सासरे. गैरहजर: कुणी नाही.

त्या वर्षीच्या माझ्या वहीत रोजचं पान असंच सुरू होतं. मी एका मालवाहतूक कंपनीत ट्रकांच्या फेऱ्या लावते. आधी कोण कुठे आहे ते लिहायचं, मग बाकीचं, ही सवय कामातून लागली आणि घरात शिरली. चौघंही एका छपराखाली कोंडलेली असताना हजेरी कसली घेतेस, असं नवरा विचारायचा. तो मागच्या बेडरूममधून सॉफ्टवेअर सांभाळत होता, लेक तिच्या खोलीतून शाळेत जात होती आणि मी डायनिंग टेबलावरून ट्रक हलवत होते. चौथे बाबा, म्हणजे माझे सासरे. त्यांना काहीच काम नव्हतं, आणि घरातली खरी अडचण तीच होती.

बाबा फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले होते. मार्चमध्ये विमानं थांबली. पहिले काही आठवडे त्यांनी मजेत काढले. मागच्या अंगणातलं तण उपटलं, घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, माझ्या मसाल्याच्या बाटल्यांवर सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. मग कामं संपली. जुलैत थंडी वाढली आणि जन्मभर पहाटे साडेपाचला उठणारा हा माणूस दहा-दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. जेवायला अर्धी पोळी. एकदा नवऱ्याकडे हातोडी आणि खिळा मागितला. मला वाटलं काहीतरी दुरुस्त करणार, तर पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं.

डॉक्टरांनी फोनवरून सगळं विचारलं, रक्त तपासलं आणि शरीर ठीक आहे, मन गुंतवा असं सांगितलं. मी वहीत लिहिलं: बाबांना सकाळी उठवणे. खाली उपाय लिहिले. टीव्हीवरची योगासनं, हजार तुकड्यांचं चित्रकोडं, चिंचवडच्या मित्रांबरोबर व्हिडिओ कॉल. एकेक करून सगळे खोडावे लागले. व्हिडिओ कॉल तर सर्वांत आधी, कारण तिकडे सगळे कोण कुठल्या हॉस्पिटलात आहे एवढंच बोलायचे आणि नंतर बाबा दुपारीही झोपून राहायचे.

उपाय सापडला तो माझ्या यादीबाहेरचा. एक दिवस जेवताना लेक फोनवरची बातमी वाचून दाखवत होती. मेलबर्नमधल्या एका गृहस्थांना पोलिसांनी हटकलं, की व्यायामाचा एक तास केव्हाच संपला, तुम्ही अजून बाहेर कसे? त्यांनी पायाशी बोट दाखवलं. ते आपल्या कासवाला फिरवायला निघाले होते आणि अजून कोपऱ्यावरसुद्धा पोचले नव्हते. बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले, आणि म्हणाले, "ही उजव्या कोपऱ्यातली बातमी आहे."

उजवा कोपरा म्हणजे काय, ते लेकीला सांगावं लागलं. बाबा कारखान्यात टूलरूममध्ये होते, पण चिंचवडच्या आमच्या कॉलनीत त्यांची ओळख वार्ताफलकाची. चौकात लोखंडी पायांवर उभा असलेला काळा फळा. एकतीस वर्षं तो त्यांनी रोज सकाळी लिहिला. फर्स्ट शिफ्ट असली तर पाचला उठून लिहिला. डावीकडे मोठी बातमी, मध्ये गावातली, आणि उजव्या कोपऱ्यात चौकट आखून एखादी अजब बातमी, त्याखाली एका ओळीत बाबांचं मत. लोक फळा उजवीकडूनच वाचायला लागायचे, हे ते अजून अभिमानाने सांगतात. फक्त कुणी वारलं की उजवा कोपरा रिकामा ठेवायचा, आणि वर श्रद्धांजली लिहायची.

मी दुपारीच यादी केली. प्लायवुड गॅरेजमध्ये होतं. काळा रंग हार्डवेअरच्या दुकानातून ऑनलाइन मागवून गाडीतून जेमतेम उतरून दुकानाच्या दाराशीच उचलून आणला. खडू लेकीच्या लहानपणच्या खोक्यात सापडले. तिसऱ्या दिवशी फळा पोर्चमध्ये, लेकीच्या जुन्या टेबलावर, फुटपाथकडे तोंड करून उभा राहिला. बाबांनी खडू वाटीभर पाण्यात भिजत घातले. ओल्या खडूचं अक्षर आधी दिसतच नाही, वाळलं की पांढरंशुभ्र उठतं. दोऱ्याला खडूची पूड लावून त्यांनी टणत्कार करत रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी मी सहाला उठले तर ते स्वेटर, मफलर, माकडटोपी आणि मास्क घालून पोर्चमध्ये उभे. पहिला मथळा होता: कासवाची सकाळची फेरी अपूर्ण. खाली मत: प्रशासनाने कासवांच्या तासाचा वेगळा विचार करावा.

त्यानंतर आमच्या घराची दिनचर्या बसली. लेक शाळेआधी दहा मिनिटं त्यांना बातम्या वाचून दाखवायची, म्हणजे इंग्लिशमध्ये वाचायची आणि ते "पुढे?" म्हणायचे. शाळेत तिला करंट अफेअर्सचं असाइनमेंट होतं, तेही त्यात उरकलं. रोज अकराच्या सरकारी पत्रकार परिषदेतला रुग्णांचा आकडा मात्र फळ्यावर कधी आला नाही. बाबांचं म्हणणं, जे सगळ्यांना ठाऊक आहे ते लिहिण्यात खडू का घालवायचा.

एका गावाच्या वेशीवरचा सिमेंटचा मोठा भोपळा चोरीला गेला आणि तीन दिवसांनी परत आला, तो तोंडाला मास्क लावून. बाबांचं मत: चोर सापडल्यास शिक्षेआधी सत्कार करावा. कुठेतरी पांढऱ्या काकाकुव्यांनी कचऱ्याच्या डब्याची झाकणं उघडायला सुरुवात केली, लोकांनी झाकणांवर विटा ठेवल्या, तर पक्ष्यांनी विटाही ढकलल्या. बाबांचं मत: ही बातमी आमच्या कॉलनीतल्या कावळ्यांना कळू देऊ नये. एका बाईंनी घरातल्या घरात मॅरेथॉन पळताना पाहुण्यांच्या खोलीतला गालिचा झिजवला. बाबांचं मत: पाहुणे तसेही येणार नाहीत. सुपरमार्केटमधला टॉयलेट पेपर पुन्हा संपला, तेव्हा त्यांनी तांब्याच्या उपयोगाबद्दल चार सचित्र ओळी लिहिल्या. त्या मी पुसायला लावल्या. ते दिवसभर म्हणत होते की संपादकीय स्वातंत्र्य आता कुठे राहिलंय.

ते उठत होते, दोन पोळ्या खात होते. पण आठवड्याभराने त्यांनी विचारायला सुरुवात केली, की हे वाचतं कोण? लोक मास्क लावून, खाली बघत, समोरून कुणी आलं तर रस्ता ओलांडून निघून जायचे. थांबत कुणीच नव्हतं. आमच्या गल्लीत पंजाबी, तेलुगू, गुजराती, मराठी सगळे आहेत, वाचत असतील, असं मी म्हणत होते. बाबा मान हलवायचे. चिंचवडला फळ्यापुढे सायकली थांबायच्या. इथे त्यांना खिडकीतून फक्त पाठमोरी माणसं दिसत होती. त्या बुधवारी सकाळी ते पुन्हा नऊपर्यंत उठले नाहीत. मी वहीत जुनी ओळ परत लिहिली.

मग लेकीने त्यांना पेलिकनची बातमी वाचून दाखवली.

समुद्रकाठच्या एका लहान गावात माशांच्या दुकानासमोर एक म्हातारा पेलिकन रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला येऊन उभा राहायचा. लॉकडाउनमध्ये गिऱ्हाईकं थांबली तरी तो यायचाच. तो वारला, आणि अख्ख्या गावाने दुकानाच्या शटरला फुलं लावली. बाबा उठून बसले. म्हणाले, या गृहस्थांना उजव्या कोपऱ्यात टाकणं बरं दिसणार नाही, यांना वर जागा द्यायला हवी. त्या दिवशी अख्खा फळा त्यांनी पेलिकनला दिला. सगळ्यांत वर, हार काढून, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली: वृद्धापकाळाने दुःखद निधन. त्याखाली: आपल्या सर्वांचे लाडके, ज्येष्ठ, मितभाषी, रोज सकाळी वेळेवर हजर राहणारे, कुणाच्याही अध्यातमध्यात नसणारे. आणि मग खालच्या अर्ध्या भागात पेलिकनचं चित्र, चोचीत मासा, गावाची हकिकत आणि बाबांचं मत. ते मत काय होतं ते आता कुणालाच आठवत नाही, कारण ते कुणी वाचलंच नाही.

संध्याकाळी वाऱ्यासह पाऊस आला. पोर्चच्या छपरामुळे फळ्याचा वरचा भाग कोरडा राहिला. खालचा धुऊन गेला. पेलिकन गेला, मासा गेला, गाव गेलं. आम्ही घरात होतो आणि आम्हाला खिडकीतून फळ्याची फक्त पाठ दिसायची. गुरुवारी सकाळी बाबा म्हणाले की ओल्या लाकडावर खडू धरत नाही, दहानंतर वाळला की लिहू.

साडेनऊला बेल वाजली. मी मीटिंगमध्ये होते. दार उघडेपर्यंत ड्राइव्हवेच्या टोकाशी एक जोडपं उभं होतं, समोरच्या रांगेतलं, नाशिकचं. दोघांनी लांबूनच हात जोडले, मान खाली घातली आणि गेली. पायरीवर डबा होता. त्यात पिठलं-भात. मला वाटलं, काय छान शेजारी आहेत, थंडीचं आठवणीने गरम पाठवलं. मी डबा ओट्यावर ठेवून मीटिंगला परत आले. वीस मिनिटांनी दुसरा डबा. पिठलं-भात. तेव्हासुद्धा मला कळलं नाही, हे लिहायला लाज वाटते. ज्या घरी माणूस गेलंय त्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण माझ्या घरात चौघंही हजर होते. सकाळीच लिहिलं होतं.

नवऱ्याला मात्र तोवर मेसेज यायला लागले होते. एकाने लिहिलं होतं की तुझ्या दुःखात आम्ही आहोत. दुसऱ्याने, की शनिवारी गणपती, तुम्हाला सुतक, तर तुमची मूर्ती आम्ही आमच्याकडे बसवू का. मग कुणीतरी आमच्या भागातल्या मराठी ग्रुपवर टाकलेला मेसेज त्याला पाठवला: फळ्याच्या घरी दुःखद घटना घडली आहे, गर्दी करू नये, डबे पायरीवर ठेवावेत.

तिसऱ्या डब्याच्या वेळी दार बाबांनी उघडलं. लेटरबॉक्सपाशी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. मी मागून पाहत होते.

"काका, फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. "कोण गेलं?"

"कोण गेलं?" बाबांनीही तेच विचारलं.

त्यांनी फळ्याकडे बोट केलं. बाबा सपाता घालून खाली उतरले, फुटपाथपर्यंत गेले, वळले आणि आपलाच फळा वाचला. बराच वेळ वाचला. एवढ्याशा तीन ओळी होत्या.

"पेलिकन गेला, बाई," ते म्हणाले. "माशाच्या दुकानासमोरचा. पक्षी."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मग पिठलं परत नेऊ का?"

"नका नेऊ. आणलंय तर राहू द्या," बाबा म्हणाले, आणि आत येऊन ओला फडका घेऊन गेले. फळा पार कोरा केला.

नवऱ्याला हसू आवरत नव्हतं. त्याने समजूत घालायचा प्रयत्न केला, की बघा, ग्रुपवर आपल्या घराचं नाव फळ्याचं घर आहे, म्हणजे अख्खी वस्ती वाचते. बाबांनी त्याला बसवलं आणि चिंचवडची एक गोष्ट सांगितली, जी मीही आधी ऐकली नव्हती. एकदा त्यांनी नुसत्या ऐकीव बातमीवर कॉलनीतल्या एका गृहस्थांची श्रद्धांजली लिहिली होती. ते हॉस्पिटलात होते, पण होते. घरी आले आणि पुढे अकरा वर्षं जगले. रोज सकाळी फळ्यापुढे थांबून विचारायचे, "आज मी आहे ना?" लोक हसायचे. बाबाही हसायचे. पण त्यांच्या बायकोने कॉलनीच्या नळावर बाबांशी कधी शब्द काढला नाही. त्या दिवसापासून बाबांचा नियम होता. घरी जायचं, घरच्या माणसाकडून नाव लिहून घ्यायचं, मगच वरच्या ओळीला हात लावायचा. त्या ओळीत गंमत नाही.

"वाचतात, म्हणून तर चूक मोठी," ते म्हणाले. "लोकांनी आमच्यासाठी वाईट वाटून घेतलं. ते वाटणं मी फुकट घालवलं."

लेक म्हणाली, "But Aajoba, the pelican did die. It's not fake news."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खडूची वाटी मोरीत रिकामी केली आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. ओट्यावर तीन घरचं पिठलं होतं आणि ते जेवायला आले नाहीत.

मी मला येतं ते केलं. यादी. कुणाचा डबा, रंग, झाकण आहे की नाही, दिलगिरीचा मेसेज पाठवला का, डबा कधी परत. ग्रुपवर पेलिकनचा फोटो टाकून खुलासा केला. त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली आणि एकाने पेलिकनच्या आत्म्यास शांती लाभो असंही लिहिलं. खुलासा पोचण्याआधी आणखी दोन डबे आले होते. दुपारपर्यंत पाचही डब्यांचे मालक सापडले.

सहावा डबा नवऱ्याला चारच्या सुमारास मिळाला. तो कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेला होता, तर लेटरबॉक्सच्या मागे, पावसाचं पाणी लागणार नाही अशा बेताने, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला. इतर सगळे प्लॅस्टिकचे होते, हा स्टीलचा. कडीचा, आतल्या ताटलीचा. बाजूला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, पण घासून घासून गेलेलं. शेवटचा एक शब्द राहिला होता: आईकडून. झाकणाखाली घडी घातलेली चिठ्ठी होती. मी ती वाचली आणि बाबांच्या खोलीत गेले. ते जागेच होते. मी ती त्यांच्या हातात दिली.

"तुमच्या दुःखात मी आहे. माझी आई मेमध्ये गेली, तिकडे. मला जाता आलं नाही. माझ्याकडे पिठलं कुणी आणलं नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडे कुणीतरी आणायला हवं म्हणून आणलं. फळा रोज वाचते, कासवाच्या दिवसापासून. जेवून घ्या."

सही नव्हती.

बाबांनी चष्मा पुसून ती परत वाचली. मग उठले, बाहेर आले, टेबलाशी बसले आणि म्हणाले, "वाढ."

मी गरम करून वाढलं. ते सावकाश जेवले, दोनदा वाढून घेतलं. आणि मग कारखान्यात एखादा सुटा भाग तपासावा तसं त्या पिठल्याकडे पाहायला लागले. लसूण ठेचलेली आहे, चिरलेली नाही. कोथिंबीर देठांसकट. मिरची हिरवी, पण जिरं नाही. पीठ जाडसर, म्हणजे दुकानातलं नव्हे, डाळ घरी मिक्सरवर काढलेली. नवऱ्याचं म्हणणं खानदेश. मी म्हटलं देठं घालणारी माणसं सोलापूरकडची असतात. बाबा म्हणाले की तुम्ही दोघंही थापा मारताय, पिठल्यावरून जिल्हा कळत नाही. पण त्या माउलीचा डबा तिच्याकडे गेला पाहिजे. तो तिच्या आईने दिलेला आहे. आणि तिच्या आईचं नाव फळ्यावर लागलं पाहिजे, वरच्या ओळीत, रीतसर.

शुक्रवारी मी साडेपाचला खडूच्या वाटीत पाणी ओतल्याचा आवाज ऐकला.

त्या दिवशी फळ्यावर डावीकडे खुलासा होता: बुधवारची श्रद्धांजली पेलिकन पक्ष्यास होती. घरातील सर्व मंडळी सुखरूप आहेत. चूक आमची. पिठलं उत्तम होतं. आणि वरच्या बाजूला, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे दोऱ्याने आखलेली एक रिकामी चौकट. तिच्याखाली: मे महिन्यात ज्यांच्या आई गेल्या, त्यांनी आपला स्टीलचा डबा न्यावा व आईंचं नाव कळवावं. जागा ठेवली आहे.

मी तेच ग्रुपवर टाकू का विचारलं, तर नको म्हणाले. तिने ग्रुपवर सांगितलं नव्हतं, फळा वाचते म्हणाली होती. मग फळ्यावरूनच विचारायचं. मला हे पटायला वेळ लागला. एक मेसेज टाकला असता तर अर्ध्या तासात छडा लागला असता. पण ते बरोबर होतं.

शनिवारी गणपती बसले, आमचे आमच्याच घरी. रविवारी लेटरबॉक्समध्ये एक पाकीट मिळालं. मी धावत आणलं. आत एका वडिलांचं नाव होतं, जळगावचे, जूनमध्ये गेलेले. मुलगा आमच्यामागच्या गल्लीत राहतो. फोन नंबर दिला होता. बाबांनी त्याला फोन केला, चुकीचं होऊ नये म्हणून नाव पुन्हा विचारून घेतलं, वडील काय करायचे विचारलं आणि अर्धा तास बोलत बसले. सोमवारी ते नाव फळ्यावर लागलं, रिकाम्या चौकटीच्या शेजारी. आठवड्याने एका तेलुगू घरातून आजीचं नाव आलं, इंग्लिशमध्ये. लेकीने त्या घरच्या मुलीला विचारून उच्चार नीट लिहून घेतला. मग एका नर्सने मामांचं पाठवलं. नावं फार आली नाहीत, पण येत राहिली. ज्या दिवशी नाव लागायचं त्या दिवशी उजवा कोपरा कोरा असायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एखादी बकरी फ्रीवेवर चढायची किंवा कुणी शॉवरमध्ये टेंट लावून कॅम्पिंगला जायचा. आता लोक थांबायला लागले होते. दोन-दोन मीटर अंतर ठेवून थांबायचे. बाबा दाराच्या काचेतून बघायचे आणि मला हळूच सांगायचे, आज सात.

फुटपाथवर थांबणाऱ्या प्रत्येक बाईकडे आम्ही निरखून पाहायचो, हेही कबूल करायला हवं. मास्कवरून डोळे तेवढे दिसायचे. एक जण रोज संध्याकाळी निळं जाकीट घालून यायची, चौकटीकडे बघायची आणि जायची. नवऱ्याची खात्री होती तीच. एक दिवस बाबांनी दार उघडलं, तर तिने घाबरून रस्ता ओलांडला. त्यानंतर त्यांनी आम्हालाही दाराशी उभं राहायला बंदी केली. तिला यायचं तेव्हा ती येईल, म्हणाले.

नोव्हेंबरात त्यांना विमानात जागा मिळाली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खडू भिजवायला, दोरा ताणून धरायला आणि अक्षर खांद्यातून लिहायला शिकवलं. माझं अक्षर त्यांना पसंत नव्हतं, पण दुसरा उमेदवार नव्हता. सगळा फळा रोज पुसायचा, चौकट पुसायची नाही, एवढं एकच बजावलं.

आता पुन्हा लॉकडाउन आहे. मी फळा आठवड्यातून तीनदा लिहिते, कारण रोज जमेल असं वेळापत्रक माझ्याकडूनही होत नाही. फोटो काढून चिंचवडला पाठवते. त्यांचे सकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे साडेदहा झालेले असतात, आणि बरोबर त्या वेळेला फोन वाजतो. चहा झालेला असतो, आवाज खणखणीत असतो. मथळा लांबला, रेघ उजवीकडे उतरली, बदकाच्या बातमीला एवढी जागा कशाला, असं सगळं सांगून होतं. पण त्याच्याआधी, हॅलोच्याही आधी, एक प्रश्न असतो.

"डबा गेला का?"

"नाही, बाबा."

सहा डब्यांच्या यादीत पाचांवर रेघ आहे. सहावा फ्रिजवर आहे, घासून पुसून, कडी लावून. दर महिन्याला चौकटीच्या कडा मी नव्या खडूने गिरवते. तो डबा परत करताना रिकामा द्यायचा की आत काही घालून, यावरही आमचं एकमत झालेलं नाही. बाबा म्हणतात दुःखाच्या घरचा डबा भरून देत नाहीत. मी म्हणते, दुःखाचं घर तिचं होतं, पिठलं तिने द्यायला नको होतं, आम्ही द्यायला हवं होतं. म्हणून हरभऱ्याची डाळ जाडसर काढून एका बाटलीत भरून ठेवली आहे. लसूण ऐन वेळी ठेचायची.